वेल्ड लाइनवर पार्ट तुटतोय? बॅरलचं तापमान वाढवायच्या आधी एवढं वाचा

प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंगमध्ये नवीन आलेल्या माणसाच्या हातात पहिल्या महिन्यातच कोणीतरी पार्ट ठेवतं आणि सांगतं, "ही लाइन घालव." लाइन म्हणजे वेल्ड लाइन, मोल्डमध्ये वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह जिथे भेटतात तिथे पडणारी. मग तो काय करतो, बॅरल (प्लास्टिक वितळवणारी मशीनची नळी) दहा डिग्रीने चढवतो, लाइन जरा फिकी पडते, सगळे खूश होतात. आणि थोड्या दिवसांनी तोच पार्ट असेंब्लीवर स्क्रू आवळताना टक्‌कन तुटतो. मी हे स्वतः केलंय, आणि ते पण पीसी/एबीएस (पॉलीकार्बोनेट आणि एबीएस यांचं मिश्रण) वर, जिथे असं करणं सगळ्यात महागात पडतं. ती गोष्ट पुढे सांगतोच.

हा लेख ब्लेंडसाठी, म्हणजे दोन पॉलिमर मिसळून केलेल्या मटेरियलसाठी आहे, जसं पीसी/एबीएस, नायलॉन/एबीएस, पीपी (पॉलीप्रॉपिलीन) मध्ये रबर, पीसी/पीबीटी, रिसायकलमधलं पीई (पॉलीइथिलीन) आणि पीपी मिसळलेलं मटेरियल वगैरे. एकाच पॉलिमरच्या पार्टलाही यातलं बरंच लागू होतं, पण ब्लेंडमध्ये एक जास्तीची भानगड असते आणि ती कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून तिथे मी जरा जास्त वेळ घेणारे.

१. लाइनमध्ये आत नक्की काय होतं

मोल्डमध्ये मटेरियल पुढे सरकतं तेव्हा ते पाण्यासारखं सरळ घुसत नाही. मधला गरम भाग पुढच्या तोंडापर्यंत येतो आणि तिथून कारंज्यासारखा दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे वळतो, भिंतीला लागला की तिथेच थिजतो. त्या तोंडावर मटेरियल ताणलं जातं, त्यामुळे पॉलिमरच्या साखळ्या, काचेचे तंतू, जे काही असेल ते तोंडाच्या पृष्ठभागाला समांतर पसरतं. आता अशी दोन तोंडं समोरासमोर येऊन भिडली की काय होईल? दोन माणसं छातीला छाती लावून उभी राहिली पण हात कोणीच गुंफले नाहीत, तसं. जवळ आहेत, पण धरलेलं काही नाही.

हात गुंफले जायला वेळ आणि उष्णता लागते. साखळ्या एका बाजूने दुसऱ्या बाजूत शिरायला हव्यात, आणि हे काम मटेरियल पुरेसं गरम आहे तोवरच चालतं. यावर पॉलिमर शास्त्रात बरंच काम झालंय, साखळी सापासारखी सरपटत पुढे जाते ही फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांची कल्पना १९७१ ची आहे, आणि त्यावरून जोडाच्या ताकदीचं जे गणित निघालं त्यात ताकद वेळेच्या चौथ्या मुळाने वाढते. म्हणजे त्याच तापमानाला ताकद दुप्पट करायची तर वेळ सोळापट द्यावा लागेल. सायकल टाइम वाढवून जोड पक्का होईल असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्यात कातडीजवळ, म्हणजे पार्टच्या पृष्ठभागाजवळ, तर वेळ जवळपास शून्यच, कारण भिंतीला लागलं की थिजलं.

दुसरं, दोन तोंडांच्या मध्ये हवा अडकते आणि पृष्ठभागावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी बारीक खाच राहते. खोली काही मायक्रॉनची असेल, पण खाच ती खाच, भेग सुरू व्हायला तेवढी पुरते. पीसी सारखं मटेरियल तर खाचेला फारच हळवं.

आता ब्लेंडची भानगड. ब्लेंडमध्ये एक मटेरियल दुसऱ्यात बारीक थेंबांच्या रूपात असतं. हे थेंब तोंडावर ताणले जाऊन चपटे होतात आणि बरोबर लाइनच्या पातळीतच आडवे पडतात. म्हणजे जिथे पार्ट ओढला गेल्यावर फाटणार, तिथेच आपण आडव्या चकत्यांची रांग लावून ठेवली. चकती आणि आजूबाजूचं मटेरियल यांच्यातली पकड चांगली असेल तर ठीक, नसेल तर भेग एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर उड्या मारत जाते. भिंतीच्या मध्यभागी मटेरियल जास्त वेळ गरम राहतं, तिथे थेंब परत गोल होतात, पण कधीकधी एकमेकांना मिळून मोठेही होतात, आणि मोठा थेंब म्हणजे परत कमकुवत जागा. म्हणून ब्लेंडमध्ये "गरम केलं की बरं होतं" हे अर्धंच खरं आहे.

२. कामाला बसण्याआधी हाताशी काय हवं

कागद: मटेरियलची डेटा शीट आणि प्रोसेसिंग शीट (दोन्ही, बरेच जण फक्त पहिली मागवतात), मोल्डचं ड्रॉइंग ज्यात व्हेंटची (हवा बाहेर जायच्या फटीची) खोली लिहिलेली आहे, सध्याची सेटिंग शीट, आणि मटेरियलचा बॅच नंबर. मास्टरबॅच (रंगाचा दाट दाणा) वापरत असाल तर त्याचा कॅरिअर (रंग ज्या प्लास्टिकमध्ये मिसळलेला असतो ते) कोणता हे लेखी घ्या. हे का ते नवव्या पायरीत कळेल.

वस्तू: सुईचा पायरोमीटर, मोल्डचा पृष्ठभाग मोजायचा प्रोब, १० पट मोठं दाखवणारं भिंग, फीलर गेज, टॉर्क ड्रायव्हर, कायमचा मार्कर. एमएफआय (वितळलेलं मटेरियल किती सहज वाहतं त्याचा आकडा) काढायचं मशीन आणि ओलावा मोजायचं यंत्र स्वतःकडे नसेल तर कोणाकडे करून मिळेल ते आधी बघून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते.

३. लाइन कुठे होते ते शॉर्ट शॉटने पकडा

होल्डिंग प्रेशर (मोल्ड भरल्यावर दाबून धरायचा दाब) बंद करा, शॉट साइज (एका वेळी सोडायचं मटेरियल) कमी करा आणि ७०, ८०, ९०, ९५ टक्के भरलेले पार्ट काढून टेबलावर ओळीने मांडा. दोन तोंडं कशी येतायत, कुठे भेटतायत ते आपोआप दिसतं. प्रत्येकावर मार्करने टक्का लिहा, नाहीतर दहा मिनिटांनी कुठला कुठला हे कोणालाच आठवत नाही. मोल्डमध्ये खोल रिब किंवा सुटा न होणारा कोर असेल तर अर्धवट पार्ट अडकून बसू शकतो, तिथे ७० पासून सुरू करू नका, ९५ पासून खाली या.

बघायचं काय, तर एक, भेट समोरासमोर होतेय का भेटल्यावर दोन्ही प्रवाह बरोबरीने पुढे वाहतायत. समोरासमोरची सगळ्यात वाईट, कारण भेटले आणि थांबले. पिनला वळसा घालून मिळालेले आणि पुढे वाहत गेलेले प्रवाह बरेच सावरतात. दोन, भेटीचा कोन. साधारण १३५ अंशापेक्षा कमी कोनात भेटले तर ती खरी वेल्ड लाइन धरतात, त्याच्या वर गेलं की ती सौम्य होते. तीन, गेटपासून (मटेरियल मोल्डच्या पोकळीत शिरतं त्या जागेपासून) अंतर. लांब म्हणजे थंड. सिम्युलेशन असेल तर भेटीच्या वेळचं तोंडाचं तापमान बघा, गेटमध्ये शिरतानाच्या तापमानापेक्षा साधारण २० डिग्रीच्या आत असेल तर बरं. सिम्युलेशनमध्ये पन्नास लाइनी दिसतात म्हणून घाबरू नका, त्यातल्या दोन-तीनच अशा असतात ज्यांच्यावर लोड येतो.

४. ताकद मोजा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका

ही पायरी सगळे गाळतात आणि मग महिनाभर अंदाजपंचे चालू राहतं.

सोपी पद्धत अशी की टेन्साइल बारचा असा मोल्ड घ्यायचा ज्यात दोन्ही टोकांना गेट आहे. एक गेट बंद ठेवून काढलेला बार बिनलाइनीचा, दोन्ही उघडे ठेवून काढलेला बार बरोबर मध्ये लाइन असलेला. आयएसओ ५२७ चा बार ४ मिमी जाड आणि मध्ये १० मिमी रुंद असतो. दोन्ही प्रकारचे कमीत कमी पाच-पाच तोडा, लाइनवाल्याची ताकद भागिले बिनलाइनवाल्याची ताकद, हा झाला वेल्ड लाइन फॅक्टर. १ च्या जवळ म्हणजे छान. काच नसलेल्या पीपी मध्ये तो साधारण ०.८ च्या वर सापडतो आणि ३० टक्के काच टाकली की ०.४ च्याही खाली जाऊ शकतो, कारण तंतू लाइन ओलांडतच नाहीत, लाइनला समांतर झोपतात.

पण थांबा, ब्लेंडमध्ये इथेच मोठा सापळा आहे. टफ ब्लेंडचा बार आधी यील्ड होतो (कायमचा ताणला जायला लागतो) आणि मग तुटतो. लाइन असलेला बारही बऱ्याचदा यील्डपर्यंत पोचतो, त्यामुळे ताकदीचा आकडा जवळपास सारखाच येतो आणि रिपोर्टवर "९५ टक्के" लिहून सगळे घरी जातात. खरा फरक तुटेपर्यंतच्या ताणात आणि इम्पॅक्टमध्ये असतो, आणि तो थोडाथोडका नसतो. म्हणून इलाँगेशन अॅट ब्रेक (तुटेपर्यंतचा ताण) आणि चार्पी किंवा आयझॉड (इम्पॅक्टच्या चाचण्या) हे दोन आकडे मागितल्याशिवाय लाइन पास करू नका.

टेस्ट मोल्ड नसेल तर पार्टमधूनच पट्टी कापा, लाइन मध्यभागी येईल अशी. कापलेल्या कडा बारीक पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासा, नाहीतर करवतीच्या ओरखड्यातूनच तुटेल आणि तुम्ही लाइनला दोष द्याल. बॉस (स्क्रू बसायचा पोकळ खांब) असेल तर टॉर्क ड्रायव्हरने स्क्रू आवळत जा आणि कितीला फुटतो ते लिहा. नायलॉन असलेलं ब्लेंड असेल तर सगळे नमुने एकाच ओलाव्याला आणून मगच तोडा, मोल्डमधून काढलेला कोरडाठाक नायलॉन आणि आठवडाभर हवेत पडलेला नायलॉन ही दोन वेगळी मटेरियल समजा.

५. तुटलेला तुकडा वाचायला शिका

भिंग घ्या आणि उजेड तिरपा पाडा. माझा अनुभव असा की निम्मं निदान इथेच होतं.

तुटलेली बाजू पूर्ण गुळगुळीत, काचेसारखी चकचकीत असेल तर दोन तोंडं नुसती टेकली होती, मिसळलीच नाहीत, म्हणजे थंड. कडेला चारी बाजूंनी गुळगुळीत चौकट आणि मध्ये मळकट पांढरट खरखरीत भाग असेल तर मध्यभाग जोडला गेलाय पण कातडी नाही, ही सगळ्यात जास्त दिसणारी अवस्था. एखाद्या कोपऱ्यात तपकिरी ठिपका किंवा चंदेरी डाग म्हणजे गॅस अडकलाय. आणि पापुद्रे सुटल्यासारखे थर दिसत असतील, नखाने उचलता येत असतील, तर ब्लेंडमध्येच गडबड आहे, दोन मटेरियलची पकड नाही किंवा कुठलं तरी तिसरंच मटेरियल घुसलंय.

लाइनवरून नख आडवं फिरवा, अडकलं तर खाच खोल आहे. हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही.

या चारपैकी तुमचं कुठलं आहे ते ठरलं की मगच पुढच्या पायऱ्यांना हात लावा.

६. मटेरियलचा दाणा सुकवा, आणि सुकला आहे हे तपासा

आता माझी गोष्ट. एका हाउसिंगला चार बॉस होते, पीसी/एबीएस चे, आणि प्रत्येक बॉसच्या पिनमागे लाइन पडायची. स्क्रू लावून तीन-चार दिवसांनी बॉस उभे चिरत होते. मी मेल्टचं (वितळलेल्या मटेरियलचं) तापमान २५० वरून हळूहळू २७५ पर्यंत नेलं, लाइन दिसेनाशी झाली, मी तर फोटो काढून सगळ्यांना पाठवला. पुढच्या आठवड्यात चिरणारे बॉस वाढले. मग होल्डिंग वाढवलं, मोल्ड गरम केला, मटेरियलवाल्याशी भांडलो. शेवटी एका जुन्या प्रोसेसवाल्या काकांनी विचारलं, "पार्टचा एमएफआय काढलास का रे?" काढला, तर पार्टचा एमएफआय दाण्याच्या जवळपास दीडपट. म्हणजे पीसीच्या साखळ्या तुटून लहान झालेल्या. ड्रायर उघडला तर फिल्टर धुळीने गच्च, हवा फिरतच नव्हती, आणि डिस्प्लेवर मात्र ठरलेलं तापमान झोकात दिसत होतं. ओला दाणा आणि त्यात मी २५ डिग्री वरून टाकलेले. लाइन दिसत नव्हती कारण पातळ झालेलं मटेरियल छान मिसळत होतं, पण लहान साखळ्या मिसळून तरी काय धरणार.

तेव्हापासून माझा नियम, दाण्याचा आणि पार्टचा एमएफआय एकाच लोड आणि तापमानाला काढायचा, आणि पार्टचा ३०-४० टक्क्यांच्या वर चढलेला दिसला की बाकी सगळं सोडून आधी ओलावा आणि बॅरलमधला मुक्काम बघायचा. (काच भरलेल्या मटेरियलला हा नियम असाच्या असा लावू नका, तंतू तुटल्यानेही आकडा हलतो.)

पीसी/एबीएस ला ग्रेडनुसार ८० ते ११० डिग्री आणि ३ ते ४ तास सांगतात, ओलावा ०.०२ टक्क्याच्या आसपास हवा. नायलॉनच्या ब्लेंडला साधारण ८० डिग्री, आणि ओलावा ०.२ टक्क्याच्या खाली. नायलॉन जास्त सुकवला तर तो पिवळा पडतो आणि घट्ट वाहतो, मग लाइन परत थंड भेटते, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. शॉट लहान आणि बॅरल मोठं असेल तर मटेरियल आत शिजत बसतं, शॉट बॅरलच्या क्षमतेच्या ३० ते ७० टक्क्यांत बसेल असं मशीन निवडा.

७. हवेला बाहेर जायला वाट द्या

भेटीच्या जागी व्हेंट नसेल तर बाकी सगळी मेहनत वाया. पीसी/एबीएस ला व्हेंटची खोली साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी चालते, नायलॉन जास्त पातळ वाहतो म्हणून ०.०१ ते ०.०२. तोंडाशी एक-दीड मिमी एवढीच अरुंद पट्टी ठेवून मागे खोल खड्डा करून हवा थेट बाहेर सोडायची. मी असे मोल्ड पाहिलेत ज्यात व्हेंट सुंदर कापलाय पण मागे तो कुठेच उघडत नाही, म्हणजे दार आहे आणि पलीकडे भिंत.

लाइन पार्टिंग लाइनपासून (मोल्डचे दोन भाग मिळतात तिथून) लांब, पार्टच्या पोटात पडत असेल तर तिथे इजेक्टर पिन (पार्ट बाहेर ढकलणारी) द्या, पिनच्या भोवतीच्या फटीतून हवा जाते. ते जमत नसेल तर सच्छिद्र धातूचा इन्सर्ट किंवा व्हॅक्यूम.

व्हेंट चालतोय का बघायची एक युक्ती, क्लॅम्प टनेज (मोल्ड बंद धरायचा जोर) थोडं थोडं कमी करत जा आणि प्रत्येक पायरीला पाच पार्ट तोडून बघा. फ्लॅश (फटीतून बाहेर आलेलं मटेरियल) यायच्या आधीच ताकद सुधारली किंवा जळका ठिपका गेला तर समजा तुमचं टनेज व्हेंट चिरडत होतं किंवा व्हेंट भरलेत. गरज नसताना फुल टनेज ठेवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. व्हेंट साफ करताना पितळेची पट्टी वापरा, स्टीलचं पातं घेऊन बसू नका.

८. आता मशीनच्या सेटिंगला हात लावा

एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलल्यावर १०-१५ शॉट जाऊ द्या, मोल्डचं तापमान बदललं असेल तर त्याहून जास्त. आणि डिस्प्लेवरचं तापमान हे बॅरलच्या स्टीलचं असतं, मटेरियलचं नाही. पर्ज करून, म्हणजे मटेरियल मोल्डबाहेर सोडून, त्या गोळ्यात सुई खुपसून मोजा, हातमोजे आणि चेहऱ्यावर शील्ड घालून, कारण ओल्या मटेरियलचा पर्ज थुंकतो.

मेल्ट तापमान: सगळ्यात जास्त फरक हेच पाडतं, म्हणूनच सगळे इथूनच सुरू करतात. प्रोसेसिंग शीटच्या पट्ट्याच्या वरच्या तिसऱ्या भागात राहा, शेवटच्या टोकाला नको. पीसी/एबीएस ला २४० ते २७० असा पट्टा बऱ्याच ग्रेडना असतो. वर गेलात तर एबीएस मधलं रबर खराब होतं आणि टफनेस जातो, म्हणजे ज्यासाठी ब्लेंड घेतलं तेच गेलं. पीसी/पीबीटी मध्ये तर दोन पॉलिमर एकमेकांशी रिअॅक्शन करायला लागतात, स्टॅबिलायझर कमी असेल आणि मुक्काम लांबला तर वेगळंच मटेरियल तयार होतं.

मोल्ड तापमान: माझ्या मते ब्लेंडसाठी हे जास्त विश्वासू. कातडी उशिरा थिजते, खाच उथळ होते, आणि मटेरियल जळायची भीती नाही. पीसी/एबीएस मध्ये ६० ते ९० च्या पट्ट्यात वरच्या बाजूला जा. सायकल वाढते, हो, त्यावरून प्रॉडक्शनवाल्यांशी वाद होणारच, तेव्हा चौथ्या पायरीचे आकडे कामी येतात. मोजताना मोल्डच्या पृष्ठभागावर प्रोब लावा, टेम्परेचर कंट्रोलरवर ९० दिसतं आणि कॅव्हिटीवर सत्तरच असतं हे नेहमीचंच आहे.

इंजेक्शन स्पीड: जलद भरलं की तोंड गरम पोचतं, लाइन सुधारते. पण हवेला पळायला वेळ मिळत नाही आणि गेटजवळ ब्लेंडचे थेंब इतके ताणले जातात की तिथे पापुद्रे सुटतात. जलद ठेवा, आणि जळका ठिपका आलाच तर फक्त शेवटच्या टप्प्यात कमी करा.

होल्डिंग: भेट झाल्यावर दोन तोंडांना दाबून ठेवायचं काम हे करतं. ९५ ते ९८ टक्के भरल्यावर स्विच करा, गेट थिजेपर्यंत धरा. गेट कधी थिजतो हे पार्टचं वजन करून काढा, होल्डिंग टाइम वाढवला तरी वजन वाढेनासं झालं की थिजला.

आणि सिलिकॉनचा स्प्रे. पार्ट चिकटतो म्हणून ऑपरेटर फस्स करून मारतो, मटेरियलचं तोंड तो स्प्रे पुढे ढकलत नेतं आणि नेमका लाइनमध्ये नेऊन ठेवतं. दोन प्रवाहांच्या मध्ये तेलाचा थर. चाचणीच्या दिवशी स्प्रेचा डबा खिशात घालून फिरा.

९. ब्लेंडमध्येच काय बघायचं

इथपर्यंत सगळं करून फॅक्टर हलत नसेल, आणि तुकड्यावर पापुद्रे दिसत असतील, तर मशीन सोडा.

पहिला संशयित मास्टरबॅच. काळ्या रंगाचा मास्टरबॅच बऱ्याचदा पीई च्या कॅरिअरमध्ये येतो कारण तो स्वस्त आणि सगळीकडे चालतो असं सांगतात. पीसी/एबीएस मध्ये पीई अजिबात मिसळत नाही, तो तिसरा थेंब होऊन लाइनमध्ये आडवा पडतो. एसएएन (स्टायरीन-अॅक्रिलोनायट्राइल) कॅरिअरचा मागा. खात्री करायची तर नॅचरल दाण्याचे पाच बार आणि रंगवलेल्याचे पाच बार तोडा, अर्ध्या दिवसाचं काम. मेटॅलिक रंग असेल तर लाइन कायम काळपट दिसणार, धातूच्या पत्री आडव्या फिरतात, तिथे दिसण्याचा हट्ट सोडा.

दुसरा, कम्पॅटिबिलायझर. नायलॉन आणि एबीएस, किंवा नायलॉन आणि पीपी, हे एकमेकांना धरतच नाहीत. मध्ये मॅलेइक अॅनहायड्राइड लावलेला पॉलिमर टाकतात, त्याची नायलॉनच्या टोकाच्या अमाइनशी रिअॅक्शन होते आणि थेंबाच्या पृष्ठभागावर पकड बसते, शिवाय थेंब एकमेकांना मिळून मोठे होत नाहीत. वेल्ड लाइनवर याचा परिणाम बाकीच्या पार्टपेक्षा जास्त दिसतो. पण जितकं जास्त तितकं चांगलं असं नाही, जास्त टाकलं की मटेरियल घट्ट वाहतं आणि तोंड थंड पोचतं. रिसायकलच्या पीई-पीपी मिश्रणात लाइन इतकी कच्ची असते की हाताने मोडते, तिथे कम्पॅटिबिलायझरशिवाय सेटिंगवर वेळ घालवू नका.

तिसरा, दोन्ही मटेरियलचा पातळपणा. थेंबाचं मटेरियल बाहेरच्यापेक्षा चौपटीहून जास्त घट्ट असेल तर नुसत्या घासण्याने ते फुटून बारीक होतच नाही, मोठे गोळे तसेच राहतात. स्वतः ब्लेंड करत असाल तर दोन्हीचा पातळपणा मोल्डिंगच्या तापमानाला जवळपास येईल असे ग्रेड निवडा. आणि दोन दाणे हॉपरमध्ये हाताने मिसळून थेट मशीनवर चालवणं म्हणजे ब्लेंड नव्हे, मोल्डिंग मशीनचा स्क्रू तेवढं मिसळत नाही, आधी ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूच्या मिक्सिंग मशीनवर) कम्पाउंड करून घ्या.

ग्राइंडिंगचं (दळून परत वापरायचं) मटेरियल टाकत असाल तर टक्का ठरवून टाका आणि लाइनची चाचणी त्या टक्क्यालाच करा. व्हर्जिनवर पास करून घ्यायचं आणि प्रॉडक्शनमध्ये ३० टक्के ढकलायचं, हे चालू असतं हे मला माहितीये, तुम्हालाही माहितीये.

१०. टूल बदलायची वेळ आली तर

खरं सांगायचं तर ही पायरी पहिली असायला हवी होती, मोल्ड बनायच्या आधी. पण तेव्हा कोणी विचारत नाही.

गेट हलवून लाइन अशा जागी न्या जिथे लोड नाही, पुढचे सगळे मार्ग त्यानंतरचे. गेटांची संख्या कमी करता आली तर लाइनीही कमी होतात. गेट हलत नसेल तर भिंतीची जाडी बदलून एका बाजूचा प्रवाह पुढे-मागे करता येतो. लाइनच्या जागी भिंत २ मिमीची २.५ केली तर गार व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढून साधारण दीडपट होतो आणि लोड घ्यायला जागाही पाव भाग वाढते, मात्र मागच्या बाजूला सिंक मार्क (खळगा) येतो का बघा.

भोक असेल तर पिन आरपार न नेता थोडी आखूड करा, वरून पातळ पडदा राहू द्या आणि तो नंतर ड्रिलने काढा. मग तिथे प्रवाह फाटतच नाही. जास्तीचं एक काम वाढतं पण बॉस चिरण्यापेक्षा बरं.

लाइन कडेला पडत असेल तर बाहेर एक छोटा ओव्हरफ्लो खिसा द्या, थंड तोंड आणि हवा त्यात जाते, नंतर तो कापून टाकायचा. कडेपासून लांब असलेल्या लाइनला याचा उपयोग नाही.

हॉट रनर (गेटपर्यंत मटेरियल गरम ठेवणारी वाट) असेल तर सिक्वेन्शियल व्हॉल्व्ह गेट, म्हणजे पहिल्या गेटचं मटेरियल दुसऱ्या गेटच्या पुढे गेल्यावर दुसरा उघडायचा, लांब पार्टमध्ये लाइन होतच नाही. वाफेने किंवा इंडक्शनने मोल्डचा पृष्ठभाग तापवून मग गार करायची पद्धतही आहे, त्याने लाइन डोळ्याला जवळपास गायब होते, पण दिसायला जितकी जाते तितकी ताकद येतेच असं नाही, परत चौथी पायरी करा. काच भरलेल्या जाड पार्टसाठी दोन बाजूंनी आळीपाळीने दाब देऊन वितळलेलं मटेरियल लाइनमधून पुढे-मागे खेळवायची पद्धत ब्रिटनमधल्या ब्रुनेल विद्यापीठात विकसित झाली, तंतू लाइन ओलांडून आडवे बसतात. पण त्याला वेगळं हेड लागतं, नेहमीच्या मशीनवर होत नाही.

आणि एक, सेटिंग फायनल झाली की त्या दिवशीचे दहा पार्ट स्क्रू आवळून, तारीख आणि टॉर्क लिहून कपाटात ठेवा. शक्य असेल तर त्यातले दोन-तीन असेंब्लीत जे ग्रीस किंवा क्लीनर लागतं त्याचं बोट लावून ठेवा, पीसी असलेल्या ब्लेंडला तणावाखाली काही तेलं आणि सॉल्व्हंट चिरतात आणि सुरुवात लाइनपासूनच होते. रोज सकाळी भिंग घेऊन बघा. माझे बॉस तिसऱ्या दिवशी चिरत होते, त्यामुळे मी निदान एक आठवडा तरी डिस्पॅचला हो म्हणत नाही.